‘ताई, यातली खरी मंडळी कोणती?’

पत्र असं आहे:

‘ताई, सलाम. मी नवापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी मावची बोलतो, आजोबांपासून ख्रिस्ती आहोत. गावातली मंडळी, म्हणजे चर्च, अलायन्स मिशनची. माझा बाप्तिस्मा पंधराव्या वर्षी रंगावली नदीत झाला. आता 27 वर्षांची आहे, जळगावला नर्स म्हणून काम करते. भुसावळच्या एका मुलाचं स्थळ आलंय. मुलगा शांत, समजूतदार आहे, मला आवडलाय. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. पण घर कॅथलिक आहे. माझा दादा म्हणतो, ते लोक मूर्ती पूजतात, मरियेची प्रार्थना करतात, ते तारण पावलेलेच नाहीत. मुलाच्या आईनं विचारलं, तुमच्यात बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत म्हणे, मग पुढे मुलांचं काय? आणि माझी रूममेट ज्या प्रार्थना गटात जाते ते म्हणतात, अन्य भाषा बोलत नाही म्हणजे तुम्हा दोघांनाही आत्मा मिळालेला नाही. ताई, एकच येशू, एकच बायबल, मग एवढे पंथ कशाला? यातली खरी मंडळी कोणती? आणि हे सगळं शिकायचं तर कुणाकडे शिकू? मोबाईलवर बघायला गेले तर जो तो दुसऱ्याला शिव्या देतो.’

*

सलाम, बाळा.

तुझ्यासारखीच गांगरलेली एक बाई आपल्याकडे होऊन गेली आणि तिचं नाव तुझ्या संडे स्कूलमध्ये नक्की घेतलं जात असेल. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणानं लिहिलं की ख्रिस्ती देशांत इतके पंथ, प्रत्येकाची शिकवण वेगळी, हे पाहून आपण पार गोंधळून गेलो. संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली बाई! तिची ही गत झाली, तर तुला ड्युटी करून रात्री मोबाईलवर हे सगळं उलगडेना यात नवल ते काय? म्हणून आधी मनातली लाज काढून टाक. विचारणं हा विश्वासाचा कमीपणा नाही.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. तुझ्या आजोबांनी कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असे सगळे पंथ समोर ठेवून, तोलूनमापून अलायन्स निवडलं नव्हतं. त्या काळी प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसात इलाके वाटून घेतले होते, एकानं दुसऱ्याच्या हद्दीत काम सुरू करायचं नाही असा त्यांचा समझोता असे. पश्चिम खानदेशात, म्हणजे तुमच्या नवापूरकडे, स्वीडनच्या अलायन्स मिशनचे लोक आले. जळगाव-भुसावळकडे अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनं काम केलं. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन होतं, ते काँग्रिगेशनल. जालन्याला आणि नागपूरला स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन. तुमच्या नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्याच सुरत लाईननं पलीकडे व्याऱ्याला जा, तिथे चर्च ऑफ द ब्रदरन होतं. ते लोक पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा देत आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धूत. आजोबांचं शेत थोडं पश्चिमेला असतं तर आज तू याच गोष्टी ‘आपल्या’ म्हणून सांगितल्या असत्या, आणि दादानं त्याच तावातावानं त्यांची बाजू मांडली असती.

कॅथलिक या वाटणीत नव्हते. भुसावळ जंक्शन झालं आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमागे ठिकठिकाणची ख्रिस्ती माणसं, त्यात कॅथलिकही, तिथे येऊन राहिली. म्हणजे तुझं घर एका मिशनच्या हद्दीमुळे आणि मुलाच्या गावची कॅथलिक वस्ती बरीचशी रेल्वेमुळे.

याचा अर्थ फरक नुसते योगायोगाचे आहेत, असं मात्र समजू नकोस. काही फरकांसाठी माणसांनी जीव दिलेत. तुला एवढंच करायचंय की अंगवळणी पडलेलं काय आणि श्रद्धेचं काय, हे वेगळं काढायचं. सतरंजीवर बसायचं की बाकांवर, ढोलकी वाजवायची की ऑर्गन, पाळकांनी साधा शर्ट घालायचा की झगा, मंगळसूत्र चालतं की नाही, हे बहुतेक अंगवळणी पडलेलं. भांडणं याच्यावरूनच जास्त होतात. ते बाजूला काढलं की खरे फरक मोजके उरतात, आणि त्यातले दोन तुझ्या संसारात रोज समोर येणार आहेत.

पहिला बाप्तिस्म्याचा. तुमच्या मंडळीत बाळाचं अर्पण करतात, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवतात, आणि मूल मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करतं तेव्हा त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. यामागचा विचार असा की बाप्तिस्मा हे माणसानं देवाला दिलेलं उत्तर आहे, आणि उत्तर दुसरा कुणी देऊ शकत नाही. कॅथलिक म्हणतात, बाप्तिस्मा ही आधी देवाची कृती आहे. बाळाला काही कळायच्या आधी देव त्याला आपलं म्हणतो, त्याच्या वतीनं आईबाप आणि धर्ममातापिता विश्वास कबूल करतात, आणि मोठं झाल्यावर दृढीकरणाच्या विधीत पवित्र आत्मा त्याला विश्वासात बळकट करतो. अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन हेही बाळांना बाप्तिस्मा देतात, तेव्हा ही रेघ कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट अशी सरळ नाही. ‘बाळाचा बाप्तिस्मा चालणार नाही’ म्हणणारे लोक 1525 साली झुरिचमध्ये पुढे आले. त्यांचा छळ कॅथलिकांनी केला तसा प्रॉटेस्टंटांनीही केला, कित्येकांना पाण्यात बुडवून मारलं. तुमच्या मंडळीची ही शिकवण फार महाग पडलेली आहे. मुलाच्या आईशी बोलताना ती खाली मान घालून सांगू नकोस.

मी स्वतः सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, वाढले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, व्याऱ्याचे ब्रदरनही होते. बाप्तिस्म्याचं कसं करायचं? दोन्ही रीती मान्य करायच्या, आईबापांनी ठरवायचं, पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. अशी तोड निघू शकते, हे दादाला सांग.

त्याचबरोबर हेही माहीत असू दे: पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नावानं झालेला तुझा नदीतला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा मानतं. उद्या तू कॅथलिक झालीस तरी ते तुला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. उलट तो मुलगा तुमच्या मंडळीत आला तर पाळक बहुधा त्याला नदीत उतरायला सांगतील, कारण त्याचा बाळपणीचा बाप्तिस्मा ते धरत नाहीत. त्याच्या आईला नेमकं हेच टोचणार. माझ्या पोटच्या लेकराचा बाप्तिस्मा तुम्ही रद्द करता, असं तिला वाटणार. तिच्या प्रश्नामागे ही भीती आहे, ती ओळखून बोल.

दुसरा फरक प्रभुभोजनाचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हाच आहे. तुमच्याकडे भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताच्या मरणाचं स्मरण असतं. कॅथलिक मानतात की मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, चव आणि रूप तेवढं तसंच राहतं. त्यांच्या देवळात वेदीजवळच्या पेटीत ही भाकर ठेवलेली असते आणि तिच्यापाशी लाल दिवा तेवत असतो. आत जाताना ते उजवा गुडघा टेकतात तो त्या पेटीतल्या ख्रिस्ताला. लोकांना वाटतं, पुतळ्याला टेकला.

हा वाद प्रॉटेस्टंटांच्या घरातही झालेला आहे. 1529 साली मारबुर्गला जर्मनीचा ल्यूथर आणि झुरिचचा झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट पुढारी समोरासमोर बसले. ल्यूथरनं खडूनं टेबलावर ‘हे माझं शरीर आहे’ असं लिहिलं आणि तो त्यावरून हटला नाही. झ्विंग्ली म्हणाला, हे स्मरण आहे. 15 मुद्द्यांपैकी 14 वर दोघांचं जमलं आणि या एकावर फाटलं. तुमची मंडळी या बाबतीत झ्विंग्लीच्या बाजूला आहे, तुला त्याचं नाव ठाऊक नसलं तरी.

तू मिस्साला गेलीस तर सगळे उठून रांगेत जातील आणि तू जागेवर बसून राहशील. त्यांच्या नियमानं तुला तो घास घेता येत नाही. लग्न झाल्यावरही एरवी नाही. नवरा पुढे जाणार, तू मागे बसणार, आणि हे दर रविवारी. त्यात अपमान नाही, त्यांची त्या भाकरीवरची श्रद्धाच तशी आहे. पण जीवाला लागतं. मिश्र घरांतल्या बायकांकडून मी हे ऐकलंय. मरियेपेक्षा या रिकाम्या जागेचा विचार तू जास्त कर.

मरियेबद्दल आणि मूर्तींबद्दल दादा बोलतो ते त्याच्या रागाच्या मानानं कमी खोल आहे. कॅथलिक शिकवण स्पष्ट सांगते की आराधना फक्त देवाची. मरियेला आणि संतांना मान द्यायचा, आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणायचं, जसं तू पाळकांना म्हणतेस. मरियेच्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेची सुरुवातीची वाक्यं तर लूकच्या पहिल्या अध्यायातली आहेत, एक देवदूताचं आणि एक मरियेच्या नात्यातल्या अलिशिबेचं. तरीही स्वर्गवासी संतांशी बोलावं का, हा प्रश्न उरतोच. मला स्वतःला ते जमत नाही. पण जमत नाही म्हणून समोरचा मूर्तिपूजक आहे असं म्हणणं खोटी साक्ष होईल. ‘त्यांनी मूर्तीची आज्ञाच काढून टाकली’ असंही तुला कुणीतरी सांगेल. काढलेली नाही. दहा आज्ञांचे आकडे ते वेगळे लावतात. मूर्तीचं वचन ते पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतात. लुथरनही तसंच मोजतात. म्हणून तुझी सहावी आज्ञा खून करू नको, तर त्याची सहावी व्यभिचार करू नको. आज्ञा सगळ्या तिथेच आहेत.

बायबलही बघ. तुझं 66 पुस्तकांचं, त्याचं 73 चं. तोबित, मक्काबी वगैरे सात पुस्तकं त्यांच्या जुन्या करारात जास्त आहेत. नवा करार दोघांचा अक्षरशः एकच, 27 पुस्तकांचा. त्यामागे दुसरा प्रश्न आहे, शेवटचा शब्द कुणाचा? तुमच्याकडे पवित्र शास्त्राचा. त्यांच्याकडे शास्त्र, परंपरा आणि त्यांचा अर्थ सांगणारे पोप व बिशप असं तिघांचं मिळून. मला इथे तुमच्या बाजूचं म्हणणं जवळचं वाटतं. पण एक मान्य करावं लागेल. ‘फक्त शास्त्र’ म्हणणाऱ्यांचेच पुढे सगळ्यात जास्त तुकडे झाले.

तारण कर्मांनी की विश्वासानं, या भांडणातून 1517 साली ल्यूथरची चळवळ उभी राहिली. दादा अजून तिथेच आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की माणूस देवाच्या कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं नीतिमान ठरतो, आपल्या पुण्याईनं नाही. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चही. सगळे बारकावे सुटलेले नाहीत, पण ‘ते तारण पावलेलेच नाहीत’ असं सरसकट म्हणण्याआधी दादानं हा कागद वाचावा.

तुझ्या रूममेटच्या गटाबद्दल. ते पेन्टेकॉस्टल परंपरेतले दिसतात, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या ‘अन्य भाषा’ बोलण्यावर भर देणारे. या चळवळीचा उगम बहुतेक जण 1906 साली लॉस एंजेलिसला धरतात, पण त्याच्या आदल्या वर्षी, 1905 मध्ये, आपल्या केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, आणि पुढे तिथेही अन्य भाषांचा अनुभव आला. रमाबाईंनी तो नाकारला नाही. पण ज्याला अन्य भाषा येत नाही त्याला आत्माच नाही, असंही त्या म्हणाल्या नाहीत. पौल तर विचारतोच, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? रूममेटला करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय वाचायला सांग, आणि तिच्या प्रार्थनेतली कळकळ मात्र शिकून घे.

दवाखान्यातल्या मलयाळी सिस्टर्सना विचारशील तर आणखी नावं ऐकशील. सिरो-मलबार हे कॅथलिकच, पोपला मानणारे, उपासनेची रीत पूर्वेची. ऑर्थोडॉक्स, जॅकोबाईट आणि मार थोमा पोपच्या अधिकाराखाली नाहीत. ही सगळी माणसं आपला वारसा प्रेषित थोमापर्यंत नेतात. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात. दारावर मासिक घेऊन येणारे यहोवाचे साक्षीदार त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत, तेव्हा तो फरक वरच्या सगळ्यांहून वेगळ्या जातीचा. सध्या एवढं पुरे.

आता लग्नाचं. तुला कॅथलिक व्हावंच लागेल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. कॅथलिक मुलानं दुसऱ्या चर्चच्या बाप्तिस्मा झालेल्या मुलीशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात, 1987 पासून. अर्ज मुलाच्या देवळातल्या फादरांमार्फत जातो. त्यात मुलगा वचन देतो की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देऊन तसं वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल तेवढं सगळं करीन. तुझ्याकडून वचन घेत नाहीत, पण त्यानं काय कबूल केलंय ते तुला सांगतात. हे वाक्य नीट वाच. तुझ्या मंडळीची शिकवण आणि हे वचन एका पाळण्यावर येऊन भिडणार आहेत. सुपारी फुटण्याआधी तुम्ही दोघांनी, आईबापांना बाजूला ठेवून, यावर बोललंच पाहिजे. ‘बघू पुढे’ म्हणून उठू नका. मूल झालं की दोन्ही आज्या दारात उभ्या असतात.

विधी एकच होतो. सकाळी चर्चमध्ये आणि दुपारी मंडळीत असं दोनदा लग्न लावायला त्यांची मनाई आहे. पण तुमच्या पाळकांना बोलावून त्यांच्याकडून वचन वाचवून घेता येतं, प्रार्थना करवून घेता येते. सबळ कारण असेल तर बिशप तुमच्या मंडळीत लग्न लावायलाही मोकळीक देऊ शकतात. अशा लग्नात बहुधा मिस्सा ठेवत नाहीत, म्हणजे अर्धे वऱ्हाडी रांगेत आणि अर्धे बसलेले असं होत नाही.

कुणाकडे शिकू, असं तू विचारलंस. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चर्चबद्दल विचार, दुसऱ्याच्या चर्चबद्दल विचारू नकोस. कॅथलिक काय मानतात हे फादरांना आणि मुलाच्या आईला विचार, पाळकांना नको. अलायन्स काय मानतं हे पाळकांकडून समजून घे. त्यासाठी आधी आपल्याच घरात पाया पक्का कर, कारण पत्रावरून मला वाटतं, तुमच्या मंडळीत जे करतात ते तुला माहीत आहे, पण का करतात ते कुणी शिकवलेलं नाही. मग भुसावळला मिस्साला जा, एकदा जाऊन ठरवू नकोस. गुड फ्रायडेला जा. त्या दिवशी मिस्सा नसतो, वेदी उघडी असते, दुःखसहनाची कथा पूर्ण वाचतात आणि लोक क्रुसापाशी येऊन डोकं टेकतात. तुला ते आवडणार नाही कदाचित, पण ते कशावर प्रेम करतात ते दिसेल. आणि त्या मुलालाही तुमच्या गावच्या देवळात आण. सतरंजीवर बसू दे, साक्षी ऐकू दे, मावची गाणी ऐकू दे. एकट्या तूच शिकायचं आणि त्यानं नुसतं वाट बघायची, हे मला मान्य नाही.

एक बारीकशी तयारी. दोन्ही घरं एकत्र प्रार्थनेला बसली की प्रभूची प्रार्थना होईल. ‘आम्हाला वाईटापासून सोडव’ झालं की कॅथलिक आमेन म्हणून थांबतात आणि आपले लोक राज्य-पराक्रम-गौरवाच्या ओळीवर पुढे जातात. अर्धी खोली गप्प, अर्धी बोलतेय, आणि सगळ्यांचे चेहरे अवघडतात. मयतीच्या घरी मी हे पाहिलंय. ती ओळ त्यांच्याकडेही आहे. मिस्सामध्ये फादरांच्या छोट्या प्रार्थनेनंतर सगळे ती म्हणतात. हे आधी सांगून ठेवलंस तर कुणी कुणाकडे डोळे वटारून बघणार नाही.

दादा बहुतेक करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं ‘विजोड जू’ पुढे करेल. ते वचन विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडी जमवू नका, असं सांगतं. येशू देवाचा पुत्र आहे, माझ्या पापांसाठी मेला आणि उठला, असं जो मुलगा कबूल करतो, त्याला ते लावणं मला चूक वाटतं. पण तो खरंच कबूल करतो का, की नुसतं घराण्याचं म्हणून कॅथलिक आहे, हे तू त्याला तोंडावर विचार. तोच प्रश्न त्यालाही तुला विचारू दे. दादावर चिडू नकोस. तू हातची जाशील, ही त्याची काळजी आहे. त्याला एकदा भुसावळला घेऊन जा आणि फादरांसमोर त्याचे प्रश्न त्यालाच विचारू दे.

आणि गावी गेलीस की पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला काढून आण, तारीख आणि मंडळीचा शिक्का असलेला. कुठेही लग्न केलंस तरी तो लागेल, आणि जुन्या नोंदवहीतून नाव शोधायला त्यांना वेळ लागतो.